खालचा उजवा कोपरा

गुण्या हे सुतारांचं एक हत्यार. एक लोखंडी पट्टी आणि एक लाकडी दांडा, एकमेकांना काटकोनात जोडलेले. कोपरा नव्वद अंशांत आहे की नाही एवढंच ते सांगतं, आणि तेही न बोलता. कोपऱ्याला लावलं की फटीतून उजेड दिसतो किंवा दिसत नाही. गुण्याकाकांना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही. ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलं नसावं. खिशात कायम गुण्या बाळगणारा आणि जगात जिथे लावू तिथे उजेड दिसणारच अशा खात्रीने फिरणारा माणूस, त्याला दुसरं नाव काय ठेवणार?

धंदा तसबिरी मढवण्याचा. कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत त्यांनी चव्वेचाळीस वर्षं दुकान चालवलं. लग्नाचे फोटो, पदव्या, पेन्शनीत निघणाऱ्यांची मानपत्रं, भरतकामातली मांजरं, गेलेली माणसं. चार पट्ट्या, चार कोपरे, मागे पुठ्ठा, पुढे काच. माणसाच्या आयुष्यात सरळ अशी एकच गोष्ट होते, ती म्हणजे मेल्यानंतरची त्याची तसबीर, आणि तीही आपण केली तरच, असं त्यांचं मत होतं. बाकी सगळं वाकडं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हा काका डॉक्टरांच्या डोक्यावरचा तक्ता बघत होते. "श्वास घ्या," डॉक्टर म्हणाले. "डावीकडून अर्धं बोट उचला," काका म्हणाले. जावयाच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा पाणी प्यायच्या आधी दाराची चौकट बघितली, आणि बाहेर पडल्यावर मुलीला म्हणाले, "मुलगा बरा आहे. घर पडायला आलंय."

घर पडलं नाही. पुढे काकांचे गुडघे गेले आणि दुकान या जावयाकडे आलं. त्याने काकांच्या नावाची पाटी उतरवून 'फ्रेम वर्ल्ड' अशी पाटी लावली. आता तिथे प्लास्टिकच्या तयार पट्ट्या मिळतात, आणि कोपरे कागद टाचायच्या यंत्रासारख्या एका यंत्राने टाचतात. जावई स्वभावाने चांगला आहे हे काकांनी कधीच नाकारलं नाही. चांगल्या स्वभावाने जोड बसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

गावाला एक थोर चित्रकार होता. त्याला सगळे थोर म्हणत, तेव्हा आपणही थोरच म्हणू. काकांनी एकतीस वर्षं थोरांची चित्रं मढवली. मोठं चित्र असलं की पट्ट्या घेऊन काकाच त्यांच्या घरी जात आणि मागच्या पडवीत बसून चौकट बांधत. कारण थोरांच्या हातून चित्र दुकानापर्यंत नीट येईल याचा भरवसा नव्हता. एकदा त्यांनी ओलं चित्र काखेत मारून आणलं होतं. अर्धं चित्र सदऱ्यावर उतरलं, आणि पुढे त्या सदऱ्याचंही कोणीतरी कौतुक केलं. पुढच्या दारातून काका एकतीस वर्षांत एकदाही गेले नाहीत. ते मागून जात, मागून येत. त्यांना थोर आवडत नसत. भिंतीत खिळा ठोकता न येणाऱ्या माणसाने भिंतीवर काय लावायचं ते ठरवावं, हे त्यांना पटत नसे. थोर चहा पिता पिता म्हणत, "चौकट म्हणजे तुरुंग." काका सरस ढवळत म्हणत, "मग काढून देऊ?" त्यावर थोर चहाचा घोट घेत. उघडं चित्र कोणी विकत घेत नाही, हे तुरुंगाबद्दल बोलणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

थोर वारले. दहा-बारा वर्षं घर बंद राहिलं आणि मग त्याचं संग्रहालय झालं. गुण्याकाका तोवर शहात्तरचे झाले होते. त्यांची मुलगी पोस्टात होती. रजेच्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, चला. तुमचं काम बघून येऊ."

"माझं काम मी केलंय. बघायचं कशाला?"

"लोक लांबून लांबून येतात बघायला."

"लोक अपघातही बघतात."

पण त्यांनी धुवट सदरा काढला आणि खिशात गुण्या टाकला. मुलीने ते बघितलं. तिच्या मनात एक गोष्ट होती. गल्लीतली पाटी तिच्या नवऱ्यानेच उतरवली होती, आणि तेव्हा ती काही बोलली नव्हती. बापाचं नाव आता गावात कुठेच नाही. निदान या घरात, दोनशेहून जास्त चौकटींच्या खाली कुठेतरी, बारीक अक्षरात असेल. ते त्यांना दाखवावं, म्हणून ती त्यांना घेऊन निघाली होती.

पुढच्या दारात बुटांवर चढवायला निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. काका बाकावर बसून त्या चढवताना म्हणाले, "हा माणूस चिखलाचे पाय घेऊन गादीवर चढायचा."

"हळू बोला, बाबा."

"का? झोपलाय का?"

गादी पहिल्याच खोलीत होती. पलंगाभोवती दोरी आणि पलंगावर चादर, तिला एक सुरकुती मुद्दाम पाडलेली. स्वयंपाकघरात ओट्यावर सुरी आणि लाकडी लिंबं. थोर घरात असताना त्या ओट्यावर रंगाचे डबे असत आणि लिंबं मोलकरीण पदरात बांधून नेई. खिडकीपाशी त्यांचा चष्मा, काचेच्या पेटीत. पाटीवर लिहिलं होतं: 'या काचांतून त्यांनी जग पाहिलं.' काका म्हणाले, "हा तर वाचायचा. जग बघायचा वेगळा होता, तो हरवायचा."

त्यांचं लक्ष मात्र वस्तूंवर नव्हतं, भिंतींवर होतं. आणि भिंतींवर त्यांच्या चौकटी नव्हत्या. प्रत्येक चित्राभोवती बोटभर रुंदीची काळी धातूची पट्टी होती, मोबाइलसारखी. पहिल्या खोलीत त्यांना वाटलं, एखाद-दुसरी बदलली असेल. दुसऱ्या खोलीत ते प्रत्येक चित्राच्या कोपऱ्याशी वाकले. तिसरीत एका चित्रापाशी जाऊन त्यांनी ते एका बोटाने सुतभर उचललं. कुठेतरी शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला.

"आजोबा, हात नाही लावायचा!"

"वाकडं होतं."

"असू दे. वाकडं असलं तरी हात नाही लावायचा."

"हे दाराबाहेर लिहा," काका म्हणाले. "चष्म्याखाली लिहिण्यापेक्षा."

मागच्या पडवीला आता काचा होत्या. मध्ये एक पेटी, आणि पेटीत एक करवत. शेजारी लाकडाचं एक छोटं पन्हळ, ज्यात पट्टी ठेवून कोपरा तिरका कापतात. खाली पाटी: 'चित्रकारांची स्वतःची हत्यारं.' करवतीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. मुलगी वाकून बघत राहिली. लहानपणी ती ट्यूब तिनेच कापून दिली होती.

"बाबा, ही तर तुमची. हरवली म्हणत होतात ती."

"हरवली होती."

"मग ही?"

"सगळ्या करवती सारख्याच दिसतात," काका म्हणाले आणि चालू लागले. हा माणूस दोन करवतींच्या आवाजांतला फरक भिंतीपलीकडून सांगायचा. मुलीला काही कळेना.

शेवटच्या खोलीत फक्त एक चित्र होतं. तिकिटावर छापलेलं तेच, रिकाम्या खुर्चीचं. त्याच्यासमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि माहिती सांगणाऱ्या बाई गालाशी माइक लावून बोलत होत्या. या चित्राभोवती काळी पट्टी नव्हती. सागवानाची रुंद, जुनी चौकट होती. काकांनी ती दारातूनच ओळखली आणि दारातच थांबले.

"आता चित्र नका बघू," बाई म्हणाल्या. "चौकट बघा. खालचा उजवा कोपरा. काय दिसतंय?"

कोपऱ्याचा जोड सुतभर फाकलेला होता. फटीत भरलेला भुसा आणि सरस काळवंडून एक पाचर दिसत होती, बारीक, पण एकदा दिसली की दुसरं काही दिसू न देणारी.

"ही चौकट त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. त्यांची करवत आपण आत्ताच बघितली. तीन कोपरे अगदी बरोबर आहेत, म्हणजे त्यांना येत होतं. आणि चौथा? चौथ्याला ते नाही म्हणाले. आयुष्यभर ते म्हणत, चौकट म्हणजे तुरुंग. हा त्या तुरुंगाचा उघडा दरवाजा आहे. हे बंड आहे."

माणसांनी माना डोलावल्या. एका बाईने नवऱ्याला बाजूला सारून कोपऱ्याचा फोटो घेतला. नवरा म्हणाला, "आपल्या बाथरूमच्या दाराला असंच बंड आहे." बाईने त्याला कोपराने ढोसलं.

मुलगी काकांकडे वळली. "बाबा. ही तुमची ना?"

"माझी? वाकडी आहे ती."

"मी तुमचा सरस ओळखते."

काकांनी मान फिरवली. न बोलायला त्यांच्याकडे बावीस वर्षांपूर्वीचं कारण होतं.

तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. खुर्चीचं चित्र त्याच दुपारी प्रदर्शनाला जायचं होतं, टेम्पो दारात उभा होता. काकांनी पडवीत तीन कोपरे बांधले आणि चौथ्यासाठी पट्टी पन्हळात ठेवली. तेवढ्यात थोर समोर स्टूल टाकून बसले, मांडीवर जाड कागद घेतला आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं. तुम्हाला काढतो."

एकवीस वर्षांत त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी मंत्री काढले, घोडे काढले, दूधवालीही काढली. गुण्याकाकांना त्याचं काही वाटत नसे, असं गुण्याकाका समजत होते. पण "तुम्हाला काढतो" म्हटल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली. हनुवटी वर गेली. करवत त्यांनी अशी धरली जशी ती फक्त चित्रात धरतात, कापताना कोणी धरत नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा हात करवतीवर आणि डोळे दुसरीकडे, अशी त्यांची गत झाली. करवत सरकली. सुतभर.

नवी पट्टी कापायला वेळ नव्हता. फटीत भुसा आणि सरस भरला. थोरांनी बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या हो. जिवंत वाटतो कोपरा." काकांना त्या क्षणी थोरांचा जेवढा तिटकारा आला तेवढा आधी कधी आला नव्हता. मग थोरांनी कागद पुढे केला. खाली तारीख होती आणि लिहिलं होतं: 'खुर्चीची चौकट होताना.' हुबेहूब होतं. हात, मूठ, ट्यूबची पट्टी, सगळं. आणि डोळे करवतीकडे नव्हते. बघणाऱ्याकडे होते, एखाद्या नवरदेवासारखे. ढोंग असं पकडलं होतं की कोणालाही दिसावं.

चित्र खाचेत जरा ढिलं बसत होतं. काकांनी तो कागद चित्राच्या मागे घातला, वर पुठ्ठा ठेवला आणि बारा खिळे ठोकले. चांगला जाड कागद होता, कशाला तरी कामी आला. करवत आणि पन्हळ तिथेच टाकून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी नवी आणली.

मुलगी तोपर्यंत संचालकांच्या खोलीत पोचली होती. पोस्टात काम करणाऱ्या माणसाला बंद खिडकीसमोर उभं राहायची सवय नसते. काका तिच्या मागे गेले, तिला परत आणायला.

संचालक मऊ आवाजाचे होते. त्यांनी काकांना खुर्ची दिली. काकांनी खुर्चीचे पाय बघितले आणि बसले.

"तुमचं म्हणणं मी नाकारत नाही, ताई," संचालक म्हणाले. "वडील चौकटी करायचे, मान्य. पण या चौकटीवर प्रबंध झालाय. दोनशे पानांचा."

"मग बाकीच्या कुठे आहेत? त्या तरी यांच्याच होत्या ना?"

"त्या आम्ही बदलल्या. साध्या होत्या. म्हणजे चांगल्याच होत्या, पण नुसत्या सरळ. सांगण्यासारखं काही नव्हतं त्यांत."

"किती?" काकांनी विचारलं. खोलीत आल्यापासूनचा त्यांचा हा पहिला शब्द.

"दोनशे चौदा असाव्यात. लाकूडवाल्याने नेल्या. ही तेवढी ठेवली, त्यांच्या हातची म्हणून."

काकांनी मनात हिशेब केला. दोनशे चौदा चौकटी, आठशे छप्पन्न कोपरे, एकातूनही उजेड न येणारे. ते सगळे कोणाच्या तरी बंबात गेले होते. त्यांच्या हातचा या जगात एकच कोपरा जपून ठेवलेला होता, दोरीमागे, दिवा लावून, आणि तो हा होता. ज्या वाकडेपणासाठी त्यांनी डॉक्टर, जावई, सरकार आणि देवळं, कोणालाही माफ केलं नव्हतं, तो वाकडेपणा. नाव हवं असेल तर त्याच्याखालीच मिळणार होतं. नको म्हटलं, तर गुण्याकाकांच्या हातून आयुष्यात एकही जोड चुकला नाही, हे कायमचं खरं राहणार होतं. फक्त ते सांगायला या घरात एकही जोड उरला नव्हता.

"बाबा, काहीतरी बोला ना," मुलगी म्हणाली.

माहिती सांगणाऱ्या बाई दारात आल्या होत्या. त्यांचा स्वर समजुतीचा होता. "आजोबा, वाईट वाटून घेऊ नका. पण असा कोपरा चुकून होत नाही. त्याला आयुष्यभराचं चिंतन लागतं."

गुण्याकाकांना आयुष्यात बरंच काही सहन करावं लागलं होतं, पण चिंतन नाही. ते उठून उभे राहिले.

"बाई, ऐका. त्याला काही लागत नाही. चौकट कापताना आरशात बघितल्यासारखं दुसरीकडे बघितलं की झालं. हे बंडबिंड नाही. चूक आहे. सुतभर. माझी." मग ते संचालकांकडे वळले. "मागचा पुठ्ठा उघडा. बारा खिळे आहेत. आत एक कागद आहे."

"कसला कागद?" संचालकांचा मऊ आवाज एकदम जागा झाला.

"जाड."

संग्रहालय तासभर आधी बंद केलं. चित्र उतरवून टेबलावर पालथं ठेवलं. हातमोजे घातलेल्या माणसाला पहिला खिळा काढायला दहा मिनिटं लागली. उरलेले अकरा काकांनी पक्कड मागून घेऊन काढले. पुठ्ठा उचलला आणि सगळे टेबलावर वाकले. थोरांचं, कोणालाच माहीत नसलेलं रेखाचित्र! संचालकांनी तीन ठिकाणी फोन लावले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हातमोजेवाला "शेड बघा, शेड बघा" म्हणत राहिला. पाच मिनिटं सगळे गुण्याकाकांच्या चित्राकडे बघत होते आणि गुण्याकाकांकडे कोणी नाही.

मुलीने मात्र चित्र बघितलं, मग बापाला बघितलं. तारीख वाचली. ताठ पाठ बघितली, वर गेलेली हनुवटी बघितली, आणि डोळे. मग तिला हसू आवरेना.

"म्हणून करवत हरवली होय!"

"हसतेस काय? घरी चल."

"एवढे सुतासारखे सरळ तुम्ही, आणि फोटो काढायचा म्हटल्यावर..."

"फोटो नव्हता तो," काका म्हणाले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पाटी बदलायचं ठरलं, त्यालाही तीन महिने लागले. संचालकांनी मजकूर दाखवायला बोलावलं. काकांनी दोन ओळी सांगितल्या. पहिल्या ओळीत त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दुसऱ्या ओळीत: 'खालचा उजवा कोपरा एक सूत चुकला आहे.'

"दुसरी ओळ नको," संचालक म्हणाले. "तुमचाच अपमान होतो."

"मग पहिलीही नको."

"अहो, पण लोकांना काय वाटेल?"

"लोकांना कोपरा दिसतो. खाली माझं नाव असेल, तर तो वाकडा आहे हे मला माहीत होतं, हेही दिसलं पाहिजे. नाहीतर माझ्यात आणि माझ्या जावयात फरक काय?"

दोन्ही ओळी लागल्या. मुलगी रोज पोस्टात जाताना वाट वाकडी करून त्या वाचून जाऊ लागली. जावयाने पाटीचा फोटो 'फ्रेम वर्ल्ड'मध्ये लावला, प्लास्टिकच्या चौकटीत. काका दुकानात गेले, त्यांनी तो बघितला, चारही कोपऱ्यांना गुण्या लावला आणि "ठीक आहे" म्हणाले. खरं तर चारही वाकडे होते. जावई दिवसभर खूश होता.

आता दर बुधवारी सकाळी गुण्याकाका बुटांवर निळ्या पिशव्या चढवून शेवटच्या खोलीत जातात आणि मागे उभे राहतात. बाईंनी भाषण बदललं आहे. आता त्या सांगतात की थोरांच्या सहवासात एका साध्या कारागिरालाही नव्वद अंशांच्या पलीकडचं काही दिसलं, आणि एवढं मोठं काम करून चूक कबूल करणारी ही नम्रता आज दुर्मीळ आहे. माणसं माना डोलावतात. मागून आवाज येतो, "नम्रता कसली? वाचता येतं ना? चुकलंय!" माणसं दचकून वळतात. बाई हसून म्हणतात, "हेच ते." मग लोक फोटो काढायला सरसावतात, आणि कॅमेरा समोर आला की गुण्याकाका पाठ करून निघून जातात. एकदा चूक झाली, दुसऱ्यांदा होणार नाही.

जाताना ते दर वेळी संचालकांच्या दारात थांबतात. पाटीवर दुसरी ओळ लागली खरी, पण छापताना कोणीतरी शहाणपणा करून 'एक सूत' काढलं आणि 'किंचित' घातलं.

"किंचित म्हणजे किती?" काका विचारतात.

"बदलतो, आजोबा," संचालक म्हणतात.

"इंचाचा आठवा भाग. मोजून घ्या."

"पुढच्या आठवड्यात नक्की."

"येतो मी बुधवारी," गुण्याकाका म्हणतात, आणि वाकून पायांतल्या निळ्या पिशव्या काढायला लागतात.